आपण बघू

फर्निचरच्या त्या तीन मजली दुकानातली फोनताई कुठल्याही गिऱ्हाइकाने कधी पाहिलेली नव्हती. ऐकली मात्र निम्म्या शहराने होती. "नमस्कार, बोला, काय हवंय आपल्याला?" हे ती अशा आवाजात विचारायची की पलंगाची किंमत विचारायला फोन केलेला माणूस गादी, उशा आणि उशाशी ठेवायचं टेबल सांगूनच थांबायचा. काही जण दुकानात आले की इकडे तिकडे बघत म्हणायचे, "त्या फोनवरच्या बाई कुठे बसतात हो? फार गोड बोलतात." मॅनेजर घसा साफ करून सांगायचे, "त्या ना? त्या मागे असतात."

मागे म्हणजे पार मागे. सोफे संपले, जेवणाची टेबलं संपली, कपाटांची रांग संपली की प्लायवुडचा एक आडोसा होता. त्याच्या आत फोन, एक खुर्ची, आणि पाठीशी गोडाऊनचं दार. खिडकी नाही. पॉलिशचा वास असा की घरी जाऊन केस धुतले तरी उशीला लागायचा. फोनताई मागे का बसते हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही कधी म्हणून दाखवलं नव्हतं. ती पुलापलीकडची होती.

शहराच्या मधून कालवा जायचा आणि कालव्यावर पूल. फार पूर्वी कारखान्यात राबायला म्हणून आणलेली माणसं पलीकडे राहायला लागली. पुढे कारखाना बंद पडला, माणसं राहिली, आणि त्यांच्याबद्दलची मतं तर माणसांहून घट्ट राहिली. आळशी, चोरटे, तोंडाळ. पूल ओलांडताना पाकीट आतल्या खिशात, असं अलीकडची शहाणी माणसं आपल्या पोरांना शिकवायची. अलीकडचा माणूस कामावर उशिरा आला तर वाटेत गर्दी असायची. पलीकडचा उशिरा आला तर ते त्याच्या रक्तातच असायचं. आणि पलीकडचा वेळेच्या आधी आला तर "आज कसा काय?" असं म्हणून त्याच्या पिशवीकडे बघितलं जायचं.

गंमत अशी की नुसतं बघून दोघांत डावं-उजवं करता येत नव्हतं. तेच चेहरे, तेच कपडे. फरक होता तो हेलाचा. पलीकडची माणसं वाक्य संपताना शेवटच्या शब्दाला झोपाळ्यावर बसवून एक धक्का द्यायची. "येऊ काऽऽ?" "असू दे नाऽऽ." "नाही होऽऽ, मी कुठे म्हटलंऽऽ." तेवढं ऐकलं की अलीकडच्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जायचा.

फोनताईने तो हेल शाळेतच उपटून काढला होता. उशीत तोंड खुपसून ती वाक्यं म्हणायची आणि दातांनी दोरा तोडावा तसा शेवट तोडायची. टक. "मी उद्या येईन." टक. "मला माहीत नाही." टक. त्या टकटकीवरच तिला ही नोकरी मिळाली. संध्याकाळी पूल उतरला की मात्र तिची जीभ चपला काढल्यासारखी मोकळी व्हायची आणि दारातूनच ती ओरडायची, "आलेऽऽ गं आईऽऽ."

तिची धाकटी बहीण, जिला घरात धाकटीच म्हणत, या दोन आवाजांवर जीव ओवाळून टाकायची. म्हणजे नकला करून. "नमस्कार, बोला, आपल्याला पाण्याचा तांब्या हवाय की पेला?" असं टकटकीत विचारायची आणि लगेच उत्तरही स्वतःच द्यायची, "दोन्ही दे गंऽऽ." आईला त्यातलं अर्धंच कळायचं, कारण दुकानातल्या फोनवर मुलीशी बोलायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. पण धाकटी हसली की आईही हसायची.

दुकानात फोनताईची त्यातल्या त्यात जवळची म्हणजे पडदेवाली. पहिल्या मजल्यावर पडदे विकायची, मनाने चांगली होती, डब्यातलं अर्धं काढून द्यायची. फक्त बोलायला लागली की तिच्या तोंडात एकच शब्द घोटाळायचा: "तुमच्यात." "तुमच्यात म्हणे बायका नवऱ्याला घराबाहेर काढतात?" "तुमच्यात म्हणे कुलूपच लावत नाहीत? कारण चोर सगळे घरचेच." मग खांद्यावर हात ठेवून, "वाईट वाटून घेऊ नकोस हं, तुला नाही म्हटलं. तू त्यांच्यातली वाटतच नाहीस."

हे ऐकल्यावर काय म्हणायचं हे फोनताईला आजवर सुचलं नव्हतं. "थँक्यू" म्हणावं तर आईला शिवी दिल्यासारखं, न म्हणावं तर डबा परत केल्यासारखं. मग ती नुसती हसायची. त्या हसण्याने गाल दुखायचे.

मॅनेजर तसे सभ्य. कधी आवाज चढवला नाही. त्यांचा शब्द होता "आपण." काम सांगायचं झालं की आपण. "आपण जरा आज उशिरा थांबूया का?" म्हणजे फोनताईने थांबायचं. "आपण ती तक्रार निस्तरूया." म्हणजे फोनताईने शिव्या खायच्या. ठरवायचं झालं की मात्र तेच तोंड "आम्ही" व्हायचं. "आम्ही ठरवलंय." "आम्ही विचार करतोय." फोनताईचा कान तयार होता. दिवसभरात आपण किती पडले आणि आम्ही किती पडले हे ती बोटांवर न मोजता सांगू शकली असती.

म्हणून तर पुढचा घोटाळा तिच्या हातून व्हावा याचं नवल.

पुढच्या काउंटरवर बसणाऱ्या वहिनी निवृत्त होणार होत्या. पुढचा काउंटर म्हणजे दाराशी, काचेतून उजेड येतो तिथे. गिऱ्हाईक आत शिरलं की पहिला शब्द तिथला. सागवानी काय, फोल्डिंगचं काय, कुणाच्या घरात काय मावेल, हे सगळं फोनताई फोनवरून रोज सांगतच होती. तिथे बसून ते डोळ्यांत बघून सांगायचं होतं, एवढंच. तिने धीर केला. मॅनेजर पायऱ्या उतरत असताना मध्येच गाठलं.

"साहेब, वहिनी जाणार म्हणतात. मला विचारायचं होतं, पुढच्या काउंटरचं…"

मॅनेजरांनी घसा साफ केला. छान हसले. म्हणाले, "हो हो. पुढच्या काउंटरचं आपण बघू."

आता हे वाक्य तीन प्रकारे ऐकता येतं. आपण, म्हणजे तू आणि मी मिळून. आपण, म्हणजे आदराने तुम्हीच. आणि तिसरं, जे मॅनेजर लोकांच्या तोंडीच येतं, ते म्हणजे "नाही." इतकी वर्षं ऐकण्याचीच भाकरी खाल्लेल्या बाईने नेमकं त्या दिवशी दुसरं ऐकलं. पुढचा काउंटर आपण बघायचा. आदराने, तिने.

घरी जाऊन तिने सांगितलं. आईने हातातलं काम टाकलं आणि सरळ गल्लीत गेली. "माझी लेक आता पुढे बसणाऽऽर. दाराऽऽत. उजेडाऽऽत." समोरच्या काकूंनी फोनताईच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आपल्यातलं कुणीतरी पुढे बसलं बाई एकदाचंऽऽ. आता आमच्या पोरांची पण वर्णी लाव." फोनताई म्हणाली, "लावते नाऽऽ." आनंदाच्या भरात माणूस काहीही कबूल करतो.

आठवडाभराने मॅनेजर प्लायवुडच्या आत डोकावले. तिथे ते सहसा येत नसत. नाकाला रुमाल होता.

"आपण जाहिरात दिलीय. आता फोन येतील. तर आपण जरा ऐकून घ्यायचं. चांगलं बोलणाऱ्यांची नावं मला द्यायची. आणि काय आहे ना," त्यांनी आवाज उतरवला, "हेलवाले नकोत. हॅलोतच कळेल तुम्हाला. तुमचा कान आहे ना. गैरसमज नको हं, तुमचं वेगळं आहे."

जाहिरात कशाची हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिला वाटलं, तिच्याच खुर्चीची. ती पुढे गेली की फोनवर कोणीतरी लागणारच. आणि फोनवर हेल चालत नाही हे तर तिने स्वतःच उशीत तोंड खुपसून मान्य केलेलं होतं.

फोन येऊ लागले. पहिल्या हेलवाल्याला नाही म्हणताना ती दोनदा अडखळली. दुसऱ्याला कमी. पुढे पुढे तर तिला त्यात एक वाईट मजा येऊ लागली. समोरचा "हॅलोऽऽ" म्हणाला रे म्हणाला की ती म्हणायची, "आम्ही कळवू." टक. काही जण हेल दाबून बोलायचे, अगदी दोन वाक्यं सरळ जायची, ती कान टवकारून बसायची आणि तिसऱ्या वाक्याला शेपूट बाहेर आलंच की म्हणायची, "आम्ही कळवू." टक. एक जण सांगू लागला, "मी कपाटाच्या कामात बरीच वर्षं आहेऽऽ, तर मला असं सांगायचं होतं कीऽऽ…" काय सांगायचं होतं ते रिसिव्हरखाली राहिलं. मनाशी ती म्हणायची, मी नाही का काढून टाकला हेल? मला कुणी शिकवायला आलं होतं? मग यांनाच काय धाड भरलीय?

एका बाईने तर स्पष्ट सांगितलं, "काउंटरच्या कामासाठी फोन केलाय." फोनताई मनात म्हणाली, बघा, लोकांना फोन आणि काउंटर यातला फरकसुद्धा कळत नाही. आणि पुढचं नाव लिहून घ्यायला लागली. माणसाला नको ते ऐकूच येत नाही, मग कान कितीही तयार असो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी समोरच्या काकू आपल्या भाच्याला घेऊन आल्या. भाचा मागच्या गल्लीत राहायचा. लांबोडका, हसरा, बोटांना लाकडाच्या रंगाचे डाग कायमचे बसलेले. कपाटांच्या एका छोट्या कारखान्यात होता. करायचाही तोच आणि विकायचाही तोच. कारखाना मालकाने मोडीत काढला होता.

"ताई, तुम्ही आता पुढे आहात म्हणेऽऽ," तो म्हणाला. "तुमच्याच दुकानात फोन केला होता मी. पण तिथे एक बया बसवलीयऽऽ…" आणि त्याने रिसिव्हर धरल्यासारखा हात कानाशी नेला, मान ताठ केली, ओठ चिमटीत पकडल्यासारखे केले. "'आम्ही. कळवू.' टक."

आई खो खो हसली. काकू हसल्या. "परत कर रेऽऽ."

"'नमस्कार. बोला. आम्ही. कळवू.' अहो, मी म्हटलं, बाई गं, आधी ऐक तरी. तर फोन आपटला. माणसाशी बोलतेय की झुरळ झटकतेय? अलीकडच्या बायका सगळ्या तसल्याचऽऽ."

धाकटी हसत नव्हती. नकलाच करणारी ती; कुणाची नक्कल चाललीय हे तिला पहिल्याच "टक"ला कळलं होतं. ती बहिणीकडे बघत राहिली. फोनताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"फोनवर बसायला बोलणं जरा वेगळं लागतं रेऽऽ," ती कशीबशी म्हणाली.

"फोनवर?" भाचा म्हणाला. "फोनवर कोण बसतोयऽऽ. जाहिरातीत लिहिलंय ना, पुढच्या काउंटरसाठी."

"पुढचा काउंटर तर हिला मिळालायऽऽ," आई म्हणाली.

काकूंनी भाच्याकडे बघितलं, भाच्याने आईकडे, आईने फोनताईकडे. फोनताईने भिंतीकडे बघितलं, कारण तिला बघायला भिंतच उरली होती.

भाचा समजूतदार. चहा संपवून उठताना म्हणाला, "छापताना चुकलं असेलऽऽ. पण ताई, तुमचा शब्द तिथे चालत असेल तर माझं नाव टाकाऽऽ." ती म्हणाली, "बघते."

ते गेल्यावर धाकटीने दार लावलं आणि हळूच विचारलं, "असे किती जणांना कळवणार आहातऽऽ, तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी फोनताई पूल ओलांडून थेट मॅनेजरांच्या टेबलाशी गेली.

"साहेब, ती जाहिरात कशासाठी आहे?"

"पुढच्या काउंटरसाठी. का? कुणी चांगलं मिळालं?"

"तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या काउंटरचं आपण बघू."

"मग बघतोच आहोत ना आपण."

"मला वाटलं, आपण म्हणजे मी."

मॅनेजरांनी घसा साफ केला. एकदा भागलं नाही म्हणून दुसऱ्यांदा केला. "अहो, आपण म्हणजे… आपण. दुकान. मालक आणि मी."

"म्हणजे आम्ही."

"तुम्ही कशा त्यात?"

"मी नाहीच आहे. तेच म्हणतेय. तुम्ही 'आम्ही बघू' म्हणायला हवं होतं. मला लगेच समजलं असतं."

मॅनेजरांनी खुर्ची मागे सरकवली आणि चेहऱ्यावर माया आणली. "काय आहे ना, आम्ही तसलं काही मानत नाही. मी तर मुळीच नाही. माझा न्हावी पुलापलीकडचा आहे. वस्तरा असतो त्याच्या हातात, मी खुशाल मान पुढे करतो. पण गिऱ्हाईक मानतं. गिऱ्हाइकाचं मन आपण मोडू शकतो का?"

"गिऱ्हाईक रोज माझ्याशीच बोलतं."

"फोनवर हो. पुढे बसलात की आज ना उद्या कुणीतरी विचारणारच, कुठे राहता."

"आणि दिसायला, बोलायला काय वेगळं आहे माझ्यात?"

"काहीच नाही. तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही."

"मग बसवा ना पुढे."

"वाटत नाही," मॅनेजर हळुवारपणे म्हणाले, "पण आहात ना."

फोनताईला टेबलावरची काच उचलून आपटावीशी वाटली, आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, आपटली तर हे म्हणतील, बघा, शेवटी तोंडाळ निघालीच. रागवायचीसुद्धा सोय नव्हती. राग आला तर रक्त, गिळला तर "तुमचं वेगळं आहे." दोन्हीकडून फायदा यांचाच. तिने काच तशीच राहू दिली.

"यापुढे जाहिरातीचे फोन मी ऐकणार नाही," ती म्हणाली.

"मग कोण ऐकणार?"

"आपण ऐका."

मॅनेजर क्षणभर चाचपडले, हा आपण नक्की कोण. कळल्यावर कान लाल झाले. "असं टोकाला जाऊ नये आपण."

"आणि एका माणसाचं नाव मी द्यायचं राहिलंय. कपाटं करतो आणि विकतोही. त्याला भेटायला बोलवा."

तक्रार मिटेल म्हणून असेल, मॅनेजरांनी बोलावलं. भाचा इस्त्रीचा शर्ट घालून आला. फोनताई प्लायवुडला कान लावून उभी राहिली. त्याच्या पहिल्या "नमस्कार साहेऽऽब"लाच मॅनेजरांचा आवाज बदलला. बहिऱ्याशी बोलावं तसा मोठा आणि लहान मुलाशी बोलावं तसा सावकाश.

"तुम्हाला. गिऱ्हाइकाशी. बोलता. येईल?"

"येतं नाऽऽ साहेब. आताही बोलतोयच कीऽऽ."

"नाही, म्हणजे नीट."

मग भाचा कपाटाच्या दारांबद्दल सांगू लागला, दार का लोंबतं, बिजागरी कुठे बसवली की लोंबत नाही, गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितलं तर ते चढ्या भावाला कसं कुरकुरत नाही. मॅनेजर मध्ये मध्ये "हं हं" करत होते. ते "हं हं" फोनताईच्या ओळखीचं होतं, तक्रारवाल्या गिऱ्हाइकाला ती स्वतः तसंच करायची. शेवटी मॅनेजर म्हणाले, "तुमचा अनुभव फार उपयोगी आहे. गोडाऊनमध्ये आपण बघू." आणि या वेळी खरोखरच बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले, प्लायवुडच्या फळ्या उचलायला. घरी चूल पेटायला हवी होती. भाचा हो म्हणाला.

"बघा," मॅनेजर जाता जाता आडोशात डोकावून म्हणाले, "तुमच्यातला एक घेतला. आता तरी खूश?"

पडदेवालीने जेवताना पाठ थोपटली. "आता कुणाची टाप आहे म्हणायची, आपलं दुकान माणसामाणसांत फरक करतं? वाईट वाटून घेऊ नकोस, पण मालकांचं मन मोठं."

पुढच्या काउंटरवर मॅनेजरांच्या मेहुणीची मुलगी आली. जाहिरातीला तिने फोन केला नव्हता. तिला कोणी कळवायचीही गरज पडली नाही. मुलगी वाईट नव्हती. घाबरलेली होती. सागवान आणि त्याच्यासारखा रंग दिलेलं दुसरं लाकूड यात फरक कसा ओळखायचा हे विचारायला दुसऱ्याच दिवशी मागे आली.

"गोडाऊनमध्ये विचार," फोनताई म्हणाली. "तिथल्या माणसाला चांगलं कळतं."

मुलीने दाराकडे बघून आवाज बारीक केला. "तिथे मी एकटी नाही जाणार, ताई. तो पुलापलीकडचा आहे ना?"

"मीपण तिथलीच."

"हो?" मुलीने डोळे मोठे केले आणि मनापासून म्हणाली, "खरंच? वाटत नाही हं."

भाच्याला फोनताईचा आवाज ओळखू यायला वेळ लागणार नव्हताच. गोडाऊनच्या दारापलीकडे तो फळी उतरवत होता आणि अलीकडे फोन वाजला. "नमस्कार, बोला, काय हवंय आपल्याला?" फळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दार थोडं उघडलं. त्याने आत बघितलं, फोनकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं.

"बरंऽऽ," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून त्याने तिला ताई म्हणणं सोडलं. कामाचं बोलायचं झालं तर मॅडम. "मॅडम, दोन दारांचं कपाट पाठवायचं काऽऽ?" हसायचाही, पण कुणी मॅनेजरांकडे बघून हसावं तसा. गल्लीत भेटला तरी मॅडमच. आईने विचारलं, "हा तुला असं काय म्हणतोऽऽ?" धाकटी पटकन म्हणाली, "दुकानातली सवयऽऽ." बहिणीसाठी ती पहिल्यांदाच खोटं बोलली. नंतर मात्र दोन दिवस तिने एकही नक्कल केली नाही, आणि घर भलतंच गप्प झालं. आईने गल्लीत जाऊन सांगून टाकलं होतं, "मुलगी मागेच आहेऽऽ. पण मागे काम जास्त असतंऽऽ."

शेवटी फोनताई गोडाऊनमध्ये गेली. भाचा एका मोडक्या स्टुलावर बसून बोटात घुसलेली लाकडाची फास काढत होता.

"त्या दिवशी फोनवर तुला काहीतरी सांगायचं होतंऽऽ," ती म्हणाली. दुकानाच्या भिंतींच्या आत तिच्या तोंडून हेल असा कधी आला नव्हता. तिलाच तो परक्यासारखा वाटला. "मी मध्येच ठेवला. काय सांगणार होतास?"

भाच्याने फास काढली, बघितली, फुंकली. "ते होय? मी घरून पाठ करून फोन लावला होता, मॅडम. मामीसमोर, तुमच्या काकूंसमोर, दोनदा म्हणून बघितलं होतं. आता विसरलो."

"थोडं तरी आठवत असेलऽऽ."

"आठवून काय करूऽऽ?" तो म्हणाला आणि उठला, कारण ट्रक आला होता.

पुढच्या काउंटरची जागा भरली तरी जाहिरात कुठेतरी रद्दीत, कुणाच्या पुडीत फिरत राहिली आणि फोन येत राहिले. ते मॅनेजरांनी ऐकावेत असं फोनताईने सांगितलं होतं, पण ते काही ऐकत नव्हते. एका दुपारी असाच फोन वाजत राहिला, तेव्हा फोनताईने उचलला.

"हॅलोऽऽ," एक बाई म्हणाली. दमदार, पलीकडच्या पार टोकाचा हेल. "त्या कामाबद्दल फोन केलायऽऽ. बोलू काऽऽ?"

"बोला," फोनताई म्हणाली आणि रिसिव्हर घट्ट धरला. काही झालं तरी हिला शेवटपर्यंत बोलू द्यायचं.

बाई बोलू लागली. भांड्यांच्या दुकानात होती. एकटीने दुकान उघडायची आणि बंद करायची. एकदा एका गिऱ्हाइकाने फुटकी बरणी बदलून मागितली, ती त्यानेच फोडली होती हे हिला समजलं, तरी कसं गोडीने समजावलं, ते सगळं तिने दोन्ही बाजूंच्या आवाजांत सांगितलं. मुलगा आता शाळेत जातो, त्यामुळे संध्याकाळी थांबता येईल. नवऱ्याची परवानगी आहे, नसती तरी आली असती. फोनताई "हो," "बरं," "पुढे?" म्हणत राहिली. एकही वाक्य तोडलं नाही. बाईला स्फुरण चढलं. तिने सासूची हकिकतही सांगितली. शेवटी दमून थांबली आणि म्हणाली, "तर असं आहेऽऽ. कधी येऊऽऽ?"

फोनताईने रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. "ती जागा भरलीय हो. मागच्याच आठवड्यात."

तारेवर मागून कुणीतरी "आटपा लवकरऽऽ" म्हणालं.

"भरलीयऽऽ?" बाई म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं? मी दुसऱ्याच्या घरून फोन करतेय, दारात माणसं उभी आहेत, आणि तू माझी सासूसुद्धा ऐकून घेतलीसऽऽ? मजा बघत होतीस काऽऽ?"

"नाही होऽऽ, मी…"

"वर माझीच नक्कल करतेसऽऽ?"

आणि या वेळी फोन पलीकडून आपटला गेला.